अनुदानातून आलेला कूलर

मी एक जुना कूलर आहे, मित्रांनो, आणि मला राग आलेला आहे. आजचाच नाही, बऱ्याच दिवसांचा साचलेला. तेव्हा माझी कहाणी ऐकताना मधूनच माझा आवाज चढला तर मनावर घेऊ नका. तसाही मी चालू असताना घरघरतोच.

माझा जन्म अकोल्याचा. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला, त्याला कूलरची थोरवी सांगावी लागत नाही. रस्त्याच्या कडेला चंद्रभान मिस्त्रींची टिनाची शेड होती. तिथे त्यांनी जस्ताचा कोरा पत्रा कापला, वाकवला, ठोकला आणि मला आकार दिला. तीन बाजूंना जाळ्या, जाळ्यांत गवताच्या ताट्या, पोटात पाण्याची टाकी, टाकीत छोटी मोटर आणि समोर पंखा. मोटर पाणी वर चढवते, पाणी ताट्यांवरून ओघळतं, बाहेरची हवा त्या ओल्या ताट्यांतून आत येताना थंड होते आणि पंखा ती खोलीत सोडतो. माझं शास्त्र एवढंच. मागून जे आत येतं, तेच पुढून बाहेर जातं.

मिस्त्री माझ्या पत्र्यावर थाप मारून गिऱ्हाइकांना सांगायचे, "जस्त हाये भाऊ. याले गंज शिवत नाई." ते ऐकून मला भारी अभिमान वाटायचा. तुम्ही हसाल, पण पत्र्याला दुसरा कसला अभिमान असणार?

मला विकत घेतलं ते धामणगाव रेल्वे या गावातल्या एका केंद्राने. बंद पडलेल्या कापूस जिनिंगच्या गोदामात हे केंद्र चालतं. ज्यांना दारू सोडायची आहे पण एकट्याने सुटत नाही, अशी माणसं तिथे काही आठवडे येऊन राहतात. शकुनताई ते चालवतात. त्यांच्या सख्ख्या भावाला दारूने नेलं, त्यानंतर त्यांनी हे काम धरलं आणि आजवर सोडलेलं नाही.

केंद्राचा खर्च अनुदानातून चालतो. मित्रांनो, अनुदान म्हणजे काय ते ऐका. सरकार म्हणतं, तुम्ही हे चांगलं काम करा, पैसे आम्ही देऊ. ऐकायला किती गोड आहे! पण हे पैसे हप्त्याहप्त्याने येतात. वर्षभर वाट पाहायला लावतात आणि मार्च संपता संपता येतात. त्यातही सांगतात, महिना संपायच्या आत खर्च करा, नाहीतर परत पाठवा. वर्षभर किराणावाल्याच्या हातापाया पडलेल्या शकुनताई मग त्या शेवटच्या दिवसांत धावत सुटतात. मलाही असंच घाईघाईत टेम्पोत टाकून धामणगावला नेलं. माझ्या छातीवर लाल रंगाने एक क्रमांक रंगवला आणि मी सरकारी झालो.

सुरुवातीची वर्षं मात्र चांगली गेली. ती मी विसरणार नाही. दारू अचानक बंद झाली की माणसाचे पहिले काही दिवस फार वाईट जातात. हात थरथरतात, घाम फुटतो, झोप लागत नाही, जीव घाबरा होतो. बाहेर ऊन आग ओकत असेल तर तो माणूस उठतो आणि फाटकाकडे पळतो. अशांची खाट शकुनताई माझ्यासमोर लावायच्या. मी रात्रंदिवस घरघरायचो आणि तो माणूस कधीतरी डोळे मिटायचा. "हा कूलर म्हणजे आपला एक माणूसच आहे," असं त्या म्हणायच्या. त्या शब्दांवर मी कितीतरी उन्हाळे काढले.

मग माझ्या ताट्या कुजल्या. गवत काळं पडलं, जागोजागी भोकं पडली. ओल्या ताटीत भोक पडलं की कूलर हवेबरोबर पाण्याचे थेंब फेकतो, हे वऱ्हाडातलं लहान मूलही सांगेल. नव्या ताट्या घालायला काय लागतं? काहीच नाही. पण अनुदानात दुरुस्तीसाठी पैसे नव्हते. नवा कूलर मागितला तर वरून उत्तर आलं, तुमच्याकडे एक कूलर आहे. आहे तो दुरुस्त करता येत नाही आणि तो आहे म्हणून दुसरा मिळत नाही. असल्या शहाणपणाला काय म्हणावं ते तुम्हीच सांगा!

पण माझा खरा राग यावरही नाही. खरा राग खर्ऱ्यावर आहे.

तुमच्यातल्या काहींना खर्रा माहीत नसेल. सुपारीचा भुगा, तंबाखू आणि चुना पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्यात घालून घोटतात, तो खर्रा. आमच्याकडे चहा नाही म्हणणारा माणूस सापडेल, खर्ऱ्याला नाही म्हणणारा शोधावा लागेल. आणि गंमत अशी की त्याला कोणी व्यसन म्हणतच नाही. केंद्राचे स्वयंपाकी नत्थुजी खर्रा खायचे. संस्थेचे अध्यक्ष उत्तमराव तर दारूच्या दुष्परिणामांवर भाषण करतानाही गालात खर्रा ठेवायचे. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

आता खर्रा खाल्ला की थुंकावं लागतं. माझं तोंड दालनात आणि पाठ खिडकीबाहेर. खिडकीच्या मागे बोळ होता, तिथे सावली होती आणि कोणी पाहत नव्हतं. सगळ्यांना तीच जागा पसंत पडली. बोलता बोलता बोळात यायचं आणि पचकन माझ्या पाठीवर, नाहीतर शेजारच्या भिंतीवर थुंकायचं. भिंत विटकरी झाली. मी ज्यांना थंड हवा देतो त्यांनी माझ्या अंगावर थुंकावं, याची मला किळस येत होती. पण मला हात नाहीत आणि तोंडातून वाऱ्याशिवाय काही निघत नाही.

पेशंटना मात्र खर्ऱ्याची सक्त बंदी होती. भरती होतानाच शकुनताई खिसे तपासायच्या. नत्थुजी आणि उत्तमरावांचे खिसे तपासण्याची सोय त्यांच्याजवळ नव्हती. एक वयाने मोठा, दुसरा अधिकाराने.

अशाच एका उन्हाळ्यात देवमन आला. धान्याच्या बाजारात हमाली करणारा, रुंद खांद्यांचा माणूस. केंद्रात येण्याची त्याची ही तिसरी वेळ होती. सोबत बायको मैना होती. "जयभीम ताई" म्हणून ती खाली बसली आणि नवऱ्याकडे न पाहता बोलली. या वेळीही दारू सुटली नाही तर ती मुलीला, आचलला घेऊन अकोल्याला भावाकडे जाणार होती, कायमची. तिने आवाज चढवला नाही, म्हणून ते खरं वाटलं.

दोन्ही वेळा कसं बिघडलं, असं शकुनताईंनी विचारलं. देवमन जमिनीकडे पाहत म्हणाला, "इथून चांगलाच जातो, ताई. मंग बाजारात कोनी तरी चिमूटभर खर्रा देते. तो तोंडात आला का पाय आपोआप दारूच्या भट्टीकडं वळते."

तेव्हापासून तो माझ्यासमोरच्या खाटेवर होता. पहिले दिवस त्याने दात आवळून काढले. घाम आला तर माझ्याकडे तोंड करून बसायचा. हळूहळू हात थांबले, जेवण जाऊ लागलं. रविवारी मैना आचलला घेऊन यायची आणि तो मुलीपुढे हात सरळ धरून त्याचा कंप गेलेला दाखवायचा. हा माणूस या वेळी घरी पोचला पाहिजे, असं मला मनापासून वाटायला लागलं.

आणि नेमकी तेव्हाच तपासणी आली.

अमरावतीहून महादेवराव नावाचे अधिकारी आले. पांढरा स्वच्छ शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी खाटा पाहिल्या, औषधं पाहिली, सगळं ठीक होतं. मग ते बोळात गेले आणि माझ्यामागची भिंत पाहून थबकले. त्यांनी शेरा लिहिला की केंद्रात पेशंट तंबाखू खातात, जबाबदार व्यक्तीवर कारवाई होईपर्यंत पुढचा हप्ता देऊ नये. पेशंट खातात हे त्यांनी भिंतीला विचारून ठरवलं की काय, कोण जाणे. शेरा लिहून झाला आणि गाडीकडे जाता जाता त्यांनी खिशातून खर्ऱ्याची पुडी काढून चिमूट तोंडात टाकली. मी स्वतः पाहिलं.

हप्ता थांबला म्हणजे केंद्र बंद. उधारीची हद्द झालेली होती. पेशंट अर्धवट बरे झालेले घरी जाणार, त्यांत देवमनही. अर्धवट बरा झालेला देवमन बाजारातून घरी पोचत नाही, हे शकुनताईंना चांगलं माहीत होतं.

उत्तमराव दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्याकडे तोड तयार होती. कोणा एका पेशंटचं नाव द्यायचं, तोच थुंकला असं सांगायचं, त्याला काढून टाकायचं आणि वर कळवायचं की कारवाई झाली.

"भाऊसाहेब, पेशंटजवळ खर्रा असतोच कुठं?" शकुनताई म्हणाल्या.

"देवमनचं नाव द्या. तिसऱ्यांदा आला हाये तो. त्याच्यासाठी कोन भांडायले येते?" एवढं बोलून उत्तमराव उठले, बोळात आले आणि माझ्या पाठीवर थुंकून गेले.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. शकुनताई माझ्यासमोर बसून राहिल्या. एकाला वाचवावं तर सगळे जातात, सगळ्यांना वाचवावं तर तो जातो. त्यांना रडूही येत होतं आणि संतापही येत होता. देवमन खाटेवरून सगळं ऐकत होता. तो उठून त्यांच्याजवळ आला.

"लिवा माहं नाव, ताई," तो म्हणाला. "मी गेलो त एकटाच जाईन. बाकीचे त राहतीन."

शकुनताईंनी मान खाली घालून होकार दिला. एक मात्र त्यांनी केलं. कारवाईची खात्री करायला साहेब ज्या दिवशी पुन्हा येतील त्याच दिवशी देवमनला पाठवू, त्याच्या एक दिवस आधी नाही, असं त्यांनी उत्तमरावांना ठासून सांगितलं.

तो दिवस लवकरच उजाडला. मैनाला निरोप गेला होता. ती कापडी पिशवी घेऊन सकाळीच आली. नवऱ्यावरचा आरोप तिने उभ्यानेच ऐकला. मग तिने विचारलं, "ह्यायले थुंकताना कोनं पाह्यलं?"

नत्थुजी पातेलं घासत होते, ते आणखी जोरात घासू लागले.

साहेब आले. पाहुणचार झाला. वरण, रोडगे आणि वांग्याची भाजी. बाहेर ऊन असं की जमिनीवर पाय ठरत नव्हता. जेवण झाल्यावर साहेब आणि उत्तमराव शतपावलीला म्हणून बोळात आले. साहेबांनी पन्नी काढली, घोटली, उत्तमरावांना अर्धी दिली. दोघांनी पावसापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मारता मारता माझ्या फाटक्या ताटीवर मनसोक्त थुंकले. ते सगळं ओघळून माझ्या टाकीत गेलं. मग दोघं तोंड पुसत आत आले आणि माझ्या अगदी समोर खुर्च्या टाकून बसले. साहेबांनी देवमनवरच्या कारवाईचा कागद पुढे ओढला. नत्थुजींनी पाहुण्यांना गरम होऊ नये म्हणून माझं बटण पूर्ण फिरवलं.

मी मुद्दाम केलं असं म्हणू नका, मित्रांनो. मला मुद्दाम काही करता येत नाही. मागून जे आत आलं होतं, ते मी पुढून बाहेर सोडलं.

पहिले थेंब कागदावर पडले. नंतरचे साहेबांच्या शर्टावर. विटकरी, बारीक, भरपूर. उत्तमरावांच्या सदऱ्यावरही पडले. साहेब शर्टाकडे बघतच राहिले.

"कूलर पाणी फेकून राह्यला, साहेब," नत्थुजी घाईघाईने म्हणाले आणि त्यांनी मला बंद केलं.

मैना पुढे आली. तिने कागदावरचा थेंब बोटाने पुसला आणि वास घेतला. "पाणी नाई हे. खर्रा हाये."

शकुनताई उभ्या राहिल्या. "साहेब, देवमन सकाळपासून माझ्यासमोर बसलेला आहे. आत्ता बोळात कोण गेलं होतं, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. मी याचं नाव लिहिणार नाही. केंद्र बंद पडलं तरी चालेल."

मला वाटलं, आता तरी कोणी खरं बोलेल. साहेबांनी रुमाल काढला, शर्ट पुसला, डाग आणखी पसरला. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिथे नुकताच आलो आहे.

"हा कूलर फार जुना दिसतो," ते म्हणाले. "डाग गंजाचे असावेत."

"गंजच, साहेब," उत्तमराव म्हणाले. "मी तेच म्हणून राह्यलो होतो."

गंज! जस्ताच्या पत्र्याला गंज! चंद्रभान मिस्त्रींनी हे ऐकलं असतं तर हातोडा घेऊन धामणगाव गाठलं असतं. पण साहेबांनी तसा शेरा लिहूनही टाकला. भिंतीवरचे डाग जुन्या कूलरच्या गंजाचे, कूलर तत्काळ काढावा, भिंतीला चुना मारावा, हप्ता द्यायला हरकत नाही. देवमनचा कागद त्यांनी घडी घालून खिशात टाकला. मी संतापाने पेटलो होतो. तेवढ्यात मला मैना दिसली. ती भिंतीला टेकून रडत होती आणि देवमन तिची रिकामी पिशवी हातात धरून उभा होता. मग मी राग गिळला. एकाचा बळी द्यायचाच होता, तर माझा गेलेला बरा.

मला उचलून अंगणात ठेवलं. भर उन्हाळ्यात दालन तापलं. नवा कूलर येणार कसा? कागदावर मी अजून आहे. मला निकाली काढायला वेगळा प्रस्ताव लागतो आणि तो मंजूर व्हायला वेगळं वर्ष. देवमनने धान्याची रिकामी पोती भिजवून खिडक्यांना बांधली आणि दर तासाला उठून त्यांवर पाणी मारत राहिला. त्याने आपले राहिलेले दिवस असे पूर्ण केले. हप्ता मात्र आला. उशिरा का होईना, आला.

देवमनच्या निरोपाच्या दिवशी उत्तमरावांनी अंगणातच कार्यक्रम ठेवला. शाल दिली, नारळ दिला, मनाचा निग्रह या विषयावर लांबलचक भाषण केलं. माणूस वाईट नव्हता. भाषण झाल्यावर त्यांनी देवमनच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला, दुसऱ्या हाताने पन्नी काढली आणि घोटलेली चिमूट त्याच्यापुढे धरली.

"घे रे एवढा. आता बरा झाला तू. खर्रा काय दारू थोडीच हाये."

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला सहन होईना. शकुनताई दारात होत्या. पण हे उत्तर त्यांनी द्यायचं नव्हतं. देवमनचा हात अर्धा वर आला. मैना त्या हाताकडे पाहत होती. आचल नारळाची शेंडी ओढत होती, तिला काही कळत नव्हतं. हात तिथेच अडकल्यासारखा राहिला आणि मग खाली गेला.

"नको, भाऊसाहेब," देवमन म्हणाला. "मले घरी जायाचं हाये."

उत्तमरावांनी खांदे उडवले आणि चिमूट स्वतःच्या तोंडात टाकली. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलले. गाल फुगला, शब्द बोबडे यायला लागले. त्यांनी नेहमीप्रमाणे आजूबाजूला पाहिलं आणि माझ्याकडे वळले. मी तयारच होतो. मला सवय झाली होती.

तेवढ्यात मैना मध्ये आली. माझ्यासमोर, अगदी मला पाठ टेकून उभी राहिली. उत्तमरावांनी बोटाने बाजूला हो अशी खूण केली. ती हलली नाही. त्यांनी मान वर केली, ओठ घट्ट मिटले, पुन्हा खूण केली. ती त्यांच्याकडे शांतपणे पाहत राहिली. अंगणातली सगळी माणसं पाहत होती. शेवटी उत्तमरावांनी डोळे मिटले आणि तोंडातलं सगळं गिळलं. त्यांना जोराची उचकी लागली. मैनाने आचलचा हात धरला, नवऱ्याला "चला" म्हणाली आणि ते तिघं बाजाराच्या रस्त्याने घराकडे गेले.

मित्रांनो, उन्हाळ्याआधी कूलरच्या ताट्या बदला, टाकी धुवा, हे मी सांगणारच. पण त्याहून आधी त्या माणसाला जपा, जो काहीतरी सोडून घराकडे निघाला आहे. प्रेमापोटीही त्याच्यापुढे चिमूट धरू नका. आणि कोणी तोंड भरून तुमच्याकडच्या भिंतीशी, झाडाशी किंवा माझ्यासारख्या म्हाताऱ्या कूलरशी आलं, तर मध्ये उभे राहा. भांडू नका, ओरडू नका. फक्त हलू नका.